कोंबडे झाकले तर?

विद्यार्थिमित्रांनो, ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. मराठीच्या पेपरात तिचा अर्थ लिहून तुम्ही गुणही मिळवले असतील. आता समजा, कोणी उठून म्हणाले की कोंबडे झाकले आणि तांबडे खरोखरच फुटले नाही, तर?

असे म्हणणारी एक गोष्ट कर्नाटकात सांगतात. एक म्हातारी गावचा कोंबडा चोरते आणि सूर्य उगवायचाच थांबतो. सारे गाव अंधारात बुडते. कोंबडा परत यावा म्हणून भविष्यवाणीचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या घरच्यांना गावाबाहेर हाकलले जाते. या लोककथेवर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधील विद्यार्थ्यांनी सुमारे सोळा मिनिटांचा लघुपट केला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ ‘सर्वांत आधी कळले ते सूर्यफुलांना’ असा होतो. दिग्दर्शक चिदानंद नाईक हे शिक्षणाने डॉक्टर. एक वर्षाच्या दूरचित्रवाणी अभ्यासक्रमाचे ते विद्यार्थी होते. चित्रीकरणाला मिळाले चार दिवस. फ्रान्समधील कान येथील महोत्सवात जगभरच्या चित्रपटशाळांतील विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी एक वेगळा विभाग असतो. २०२४ साली त्यासाठी २,२६३ लघुपट आले होते. त्यांतून अठरा निवडले गेले आणि त्या अठरांत पहिले पारितोषिक या कानडी लघुपटाला मिळाले.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आणि काही शिक्षक तर नक्कीच म्हणतील, की विज्ञानाच्या मासिकात या गोष्टीचे काय काम? कोंबडा नसल्याने सूर्य उगवत नाही असे दाखवणारा चित्रपट मुलांना दाखवायचा, म्हणजे आम्ही वर्षभर शिकवलेल्या पृथ्वीच्या परिवलनावर पाणीच सोडायचे! माझे मत नेमके उलट आहे. हा लघुपट मिळेल तेथे आठवी ते दहावीच्या वर्गांना जरूर दाखवावा. न मिळाल्यास गोष्ट तरी सांगावी, तिला पडदा लागत नाही. मात्र गोष्ट सांगून झाल्यावर ‘हे सगळे खोटे बरे का’ असे म्हणून फळ्याकडे वळू नये. त्या गोष्टीत दडलेला प्रश्न मुलांच्या हाती द्यावा.

कोंबडा आरवतो आणि मग उजाडते, हे रोजचे दृश्य आहे. हजारो वर्षे माणसांनी ते पाहिले. रोज आधी ‘अ’ घडते आणि मागून ‘ब’ घडते. तेव्हा ‘अ’मुळे ‘ब’ घडते असे कोणाला वाटले, तर तो मूर्ख म्हणायचा काय? मुळीच नाही. आपल्या बहुतेक साऱ्या ज्ञानाची सुरुवात याच पायरीवर झाली आहे. फरक इतकाच की विज्ञान त्या पायरीवर बसून राहत नाही. आपल्या पूर्वजांनाही हा सापळा चांगला कळला होता. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, याला त्यांनी ‘काकतालीय न्याय’ असे नावच देऊन ठेवले आहे. आणि म्हण रचणाऱ्याने तर एक प्रयोगच सुचवला आहे! कोंबडा झाका आणि पाहा.

तो प्रयोग उलट बाजूने करता येतो. कोंबडा झाकण्याऐवजी सूर्यच झाकायचा. जपानमधील नागोया विद्यापीठात त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा या शास्त्रज्ञांनी हेच केले आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बंद खोलीत कोंबडे ठेवले. बारा तास लख्ख उजेड आणि बारा तास मंद उजेड असा क्रम लावला. कोंबडे दिवा लागण्याची वाट पाहत बसले नाहीत. सुमारे दोन तास आधीच ते आरवू लागत. मग लख्ख दिवा लावणेच बंद केले आणि अहोरात्र तोच मंद उजेड ठेवला. ना पहाट, ना संध्याकाळ. तरीही कोंबडे दिवसातून एकदा ‘पहाट’ झाल्याप्रमाणे आरवतच राहिले. त्यांचा दिवस मात्र चोवीस तासांहून किंचित लहान होता, म्हणून त्यांची पहाट रोज थोडी अलीकडे सरकत गेली. दिवस गेले तसा त्यांचा ताल हळूहळू मंदावला.

याचा अर्थ कोंबड्याच्या शरीरातच एक घड्याळ आहे. ते बाहेरच्या घड्याळाशी अगदी जुळणारे नाही, पण रोजचा खरा सूर्यप्रकाश ते लावून देतो. जुने किल्लीचे घड्याळ आपण रेडिओच्या ठोक्याबरोबर लावून घेत असू, तसे. कोंबडा सूर्याला उगवायला सांगत नाही, आणि सूर्य दिसला म्हणून कोंबडा आरवतो हेही पुरते खरे नाही. तो सूर्याची चाहूल घेत नसून हिशेब करत असतो. गोष्टीतील लोकांची चूक कशी उलगडत गेली पाहा! कारण आणि कार्य यांची त्यांनी उलटापालट केली होती, हे तर आपण एका क्षणात सांगितले असते. पण ‘सुलट’ म्हणून आपण जे उत्तर दिले असते, तेही अपुरे निघाले.

आता त्या लघुपटाच्या नावाकडे या. सूर्य येणार नाही हे सूर्यफुलांना सर्वांत आधी कळले, असे ते नाव म्हणते. कवीची कल्पना म्हणून सोडून द्यावे असे हे नाव नाही. सूर्यफुलाचे कोवळे रोप दिवसभर सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळते हे तुम्हांला माहीत असेल. पण सूर्य मावळल्यावर ते काय करते? रात्रीच्या अंधारात ते हळूहळू परत पूर्वेकडे वळते आणि पहाट होण्याआधीच उगवतीकडे तोंड करून उभे राहते. दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडची. त्यामुळे शेंडा डोलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी ही रोपे डोक्यावर न हलणारा दिवा असलेल्या खोलीत ठेवली, तर काही दिवस ती तशीच पूर्व-पश्चिम डोलत राहिली. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. फूल पूर्ण उमलल्यावर मात्र हे डोलणे थांबते आणि फूल पूर्वेकडेच पाहत राहते. सकाळच्या उन्हाने ते लवकर तापते आणि पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या फुलांच्या तुलनेत त्यावर सुमारे पाचपट मधमाश्या व इतर परागवाहक कीटक येतात. तेव्हा एखाद्या दिवशी सूर्य खरोखर आला नाही, तर पहाटेच पूर्वेकडे मान वळवून उभे राहिलेले सूर्यफूल आधी फसेल, हे म्हणणे काही वावगे नाही.

असे प्रयोग करायला मोठी प्रयोगशाळाच लागते असे समजू नका. १७२९ साली फ्रान्समधील दे मेरां यांनी लाजाळूच्या जातीचे एक रोप अंधाऱ्या जागी ठेवले आणि पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात हा क्रम अंधारातही चालू राहतो हे पाहिले. चिंचेची पानेही रात्री मिटतात. चिंचेचे छोटे रोप आणि त्यावर पालथे घालायला एक खोके, एवढ्यात तुमची प्रयोगशाळा तयार होते.

आता मी अक्कलकुव्याकडे वळतो, कारण हा लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर तेथील मुले आहेत. नंदुरबार जिल्ह्याच्या वायव्येला, सातपुड्यात वसलेला हा तालुका. उत्तरेला नर्मदा. घरे एकमेकांना चिकटून नाहीत. डोंगराच्या सोंडांवर आणि दऱ्यांत पाडे विखुरलेले. अनेक मुले आश्रमशाळेत राहून शिकतात आणि सुटीत पाड्यावर परततात. त्यांच्या घरी भिली बोलतात, कोठे पावरी, कोठे आणखी काही. आजी ज्या गोष्टी सांगते त्या त्या बोलीत सांगते. शाळा मराठीत बोलते. आजीच्या गोष्टीत कोंबडा, डोंगर आणि वाघ माणसासारखे वागतात. शाळेच्या पुस्तकात ते ‘सजीव-निर्जीव’ या तक्त्यात बसतात. मुलाने वर्गात आजीची गोष्ट सांगितली आणि सारे हसले, तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. गोष्टीबरोबर त्याचा प्रश्न विचारण्याचा धीरही जातो, आणि प्रश्न न विचारणाऱ्या मुलाला विज्ञान शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हल्ली शाळाशाळांतून मुलांकडून लघुपट करवून घेतात. मोबाइल आल्यापासून ते सोपेही झाले आहे. पण त्यांतील बहुतेक मी ‘घोषणापट’ या सदरात टाकीन. पहिल्या मिनिटात एक वाईट सवयीचा मनुष्य, दुसऱ्यात त्याची फजिती, तिसऱ्यात गुरुजींचा उपदेश आणि शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत घोषवाक्य. झाड लावा, पाणी वाचवा, अंधश्रद्धा सोडा. घोषणा खोट्या नाहीत. पण असा लघुपट करताना मुलांनी काय पाहिले? काहीच नाही. उत्तर आधीच ठरलेले होते. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी घोषवाक्य दिले नाही, त्यांनी एक अशक्य गोष्ट सरळ तोंडाने सांगितली. म्हणून आपण अजून तिच्याविषयी विचार करत आहोत.

आणि त्या गोष्टीचा एक भाग अजिबात अशक्य नाही. सूर्य थांबणे हे काल्पनिक आहे. पण संकट आल्यावर एका म्हातारीकडे बोट दाखवणे आणि तिच्या घराला गावाबाहेर काढणे हे काल्पनिक नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर बायकांना ‘डाकीण’ ठरवून मारहाण करण्याचे, घर सोडायला लावण्याचे प्रकार घडलेले आहेत. मूल आजारी पडले, गाय मेली. त्याआधी अमुक बाई दारावरून गेली होती. झाले, कावळा बसला आणि फांदी मोडली! ही खोड डोंगरातल्या लोकांचीच आहे असे मात्र शहरातील वाचकांनी समजू नये. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत हजारो स्त्रियांना चेटकीण ठरवून ठार मारले, आणि त्यांत न्यायाधीश व शिकलेली माणसेही सामील होती. महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ हा गुन्हा ठरला आहे. कायदा हवाच. पण कायदा येतो तो बोट दाखवून झाल्यावर. बोट उचलण्यापूर्वी मनात जो एक प्रश्न यायला हवा, ‘हे त्यामुळे झाले की नुसते त्यानंतर झाले?’, तो कायद्याने शिकवता येत नाही. तो शाळेत, आणि कोंबड्यासारख्या निरुपद्रवी विषयावर शिकवावा. कोंबड्याविषयी चुकलेले मूल कोणाचे वाईट करत नाही. त्याला चुकू द्यावे, मोजू द्यावे आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करू द्यावे.

म्हणून अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्यांना मी एक लघुपट सुचवतो. पुण्याला तो करता येणार नाही, कारण त्याला सातपुडा लागतो.

अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाट लागतो. घाटाच्या वर माथ्यावर उभे राहिलात, तर सूर्य क्षितिजावर येताच दिसतो. खाली दरीत पूर्वेला उंच डोंगर असेल, तर तेथे तोच सूर्य बऱ्याच उशिराने डोंगरावरून डोकावतो. म्हणजे एकाच तालुक्यात दोन सूर्योदय! आता प्रश्न असा, दरीतला कोंबडा माथ्यावरच्या कोंबड्यापेक्षा उशिरा आरवतो काय? सूर्य दिसण्यावर त्याचे आरवणे अवलंबून असेल, तर उशीर व्हायला हवा. आतल्या घड्याळावर आणि आभाळातल्या पहिल्या उजेडावर असेल, तर दोघांची वेळ जवळजवळ एकच यायला हवी.

आश्रमशाळेत वेगवेगळ्या पाड्यांची मुले एकत्र असतात, ही या प्रयोगाची केवढी सोय! दिवाळीच्या सुटीत घरी जाण्यापूर्वी सर्वांनी आपापली घड्याळे एकमेकांशी मिळवून घ्यावीत. घरी गेल्यावर रोज पहाटे तीन वेळा टिपाव्यात: कोंबड्याची पहिली बांग, स्वतःच्या तळहातावरच्या रेषा अंगणात दिसू लागण्याची वेळ आणि डोंगरावरून सूर्य दिसण्याची वेळ. आभाळ ढगाळ होते की निरभ्र तेही लिहावे. आठ-दहा दिवस तरी हे करावे. एका दिवसाच्या नोंदीला काही किंमत नाही. होळीची सुटी मात्र टाळावी. तुमच्याकडे होळीला रात्रभर ढोल वाजतात. काठीची होळी तर रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. आवाजाने आणि उजेडाने कोंबडे अवेळी आरवतात हे नागोयाच्या शास्त्रज्ञांनाही आढळले होते, तेव्हा त्या रात्रीच्या नोंदी होळीच्या होतील, कोंबड्यांच्या नव्हेत.

शाळेत परतल्यावर साऱ्या वह्या एकत्र मांडा. त्यानंतरच लघुपटाला हात घाला. एखाद्या आजीला तिच्या बोलीत पहाटेची, कोंबड्याची गोष्ट सांगायला सांगा आणि तिचे बोलणे तसेच ठेवून खाली मराठी अक्षरे द्या. मग माथ्यावरचा पाडा आणि दरीतला पाडा, एकापाठोपाठ एक, खाली घड्याळाची वेळ. पाच मिनिटे पुरेत. उत्तर काय येईल ते मी मुद्दाम सांगत नाही. एवढे मात्र सांगतो की हा प्रयोग सारा प्रश्न सोडवणार नाही. पहाटेचा पहिला फिकट उजेड साऱ्या आभाळातून येतो, तो माथ्यावर आणि दरीत जवळपास एकाच वेळी पोचतो. त्यामुळे घड्याळाचा वाटा किती आणि त्या उजेडाचा किती, हे वेगळे काढायला नागोयासारखी बंद खोलीच लागेल. ही अडचण लघुपटात स्पष्ट सांगा. पाहणाऱ्याला राग येणार नाही, उलट विश्वास वाटेल.

आणखी एक हिशेब करता आला तर पाहा. अक्कलकुवा आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. रेखांशांत मात्र सुमारे पाच अंशांचा फरक आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणजे नागपूरला सूर्य उगवल्यावर सुमारे वीस मिनिटांनी तो तुमच्याकडे उगवतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात. नागपूरच्या एखाद्या शाळेला पत्र लिहून त्यांच्या कोंबड्यांच्या वेळा मागवा. कोंबड्यांना भारतीय प्रमाणवेळ माहीत आहे की नाही, हे त्यावरून कळेल!

चित्रीकरणात एक पथ्य पाळा. कोंबडा आरवला नाही म्हणून त्याला डिवचून आरवायला लावू नका. तुम्ही हसाल, पण मोठमोठ्यांनी असे केले आहे. डिस्ने कंपनीच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या १९५८ सालच्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी समुद्रात उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. त्या माहितीपटाला ऑस्कर पारितोषिकही मिळाले. पुढे उघडकीस आले की ते दृश्य कॅनडातील अल्बर्टा प्रांतात घेतले होते, जेथे समुद्रच नाही. प्राणी बाहेरून आणले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलले होते. जगभरातील लोक आजही लेमिंग आत्महत्या करतात असे मानतात. मला विचाराल तर सूर्य न उगवण्याची गोष्ट सांगणारा पुण्याचा लघुपट या ‘सत्य’चित्रापेक्षा शंभरपट प्रामाणिक आहे. गोष्ट आहे असे तो लपवत नाही.

प्रामाणिक लघुपटाचा नमुना आपल्याकडे फार जुना आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांना भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. दिवसच्या दिवस चाललेली रोपाची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसू लागली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचे नाव. भांडवल मिळाले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सेकंदाला चोवीस चौकटी धरा आणि दर मिनिटाला एक चौकट टिपा. बारा तासांच्या ७२० चौकटी होतात आणि त्या बरोबर तीस सेकंदांत पडद्यावरून सरकतात. सूर्यफुलाचे रात्रीचे वळणे असे टिपता येईल. पण अंधारात चित्र घ्यायचे तर दिवा लागेल, आणि दिव्याच्या उजेडाने रोपच फसले तर? यावर काय तोड काढायची ते तुम्ही ठरवा.

एक मौज राहिली. नागोयाच्या त्याच शास्त्रज्ञांनी २०१५ साली आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. चार-पाच कोंबडे एकत्र असले, तर त्यांच्यात मानपान ठरलेला असतो आणि पहाटेची पहिली बांग मानाचा कोंबडाच देतो. बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे त्याच्या मागून. मानाच्या कोंबड्याला तेथून उचलून नेले, तेव्हा काय झाले? दुसऱ्या क्रमांकाच्या कोंबड्याने पहिली बांग दिली. तेव्हा त्या म्हातारीने गावचा एक कोंबडा चोरला असता, तरी पहाटे दुसरा आरवलाच असता. गोष्ट सांगणाऱ्याने गावात एकच कोंबडा ठेवला, यातच त्याची हुशारी. तुमच्या पाड्यावर किती आहेत, आणि त्यांतला मानाचा कोणता?